प्रेत शोधायला एरंडोलला

खून होऊन बारा आठवडे झाले होते आणि प्रेत कुठे टाकावं हे मला अजून सुचत नव्हतं. ऐंशीच्या दशकातला तो श्रावण मी असाच काढत होते. पुण्यातल्या एका साप्ताहिकात माझी कादंबरी क्रमशः छापून येत होती. खानदेशात रेल्वे नुकती आलेली, कापसाला सोन्याचा भाव आलेला, असा तिचा काळ. एक शेतकरी कापसाची गाडी भरून जळगावला जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे बैल रिकामी गाडी ओढत आपले आपण दारात येऊन उभे राहतात आणि माणूस मात्र कधीच येत नाही.

ही गोष्ट मला, मी शिकवते त्या शाळेतल्या माझ्या सहशिक्षिकेने, विमलने, डबा खाता खाता सांगितली होती. तिचं माहेर एरंडोलजवळचं. तो माणूस तिच्याच घराण्यातला, तिच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ. मी नावं बदलली, एक चलाख फौजदार घातला, आणि थोरल्या भावाला खुनी केलं. विमलच्या गोष्टीत थोरला भाऊ नुसता होता, काही करत नव्हता. पण रहस्यकथेत भाऊ असला की त्याला नुसतं ओसरीवर बसवून ठेवता येत नाही.

एरवी मी शेवट आधी ठरवते आणि मग मागे मागे लिहीत येते. खुनी कोण, हत्यार कोणतं, प्रेत कुठे, हे ठरल्याशिवाय पहिली ओळ लिहायची नाही हा माझा शिरस्ता. या वेळी संपादकांना घाई होती आणि मला त्या बैलांचा मोह झाला. आता दोन हप्ते उरले होते. रोज पहाटे जाग यायची आणि डोळ्यांसमोर ते दोन बैल यायचे. शेवटी यजमान म्हणाले, "तू तिकडे जाऊन ये, नाहीतर आम्हाला तरी कुठे पाठव." विमलने माहेरी कळवलं की बाई येताहेत.

"घरी कुणी वाचत तर नाही ना माझं?" मी तिला तीनदा विचारलं.

"छे हो, कोण वाचतंय," ती म्हणाली.

धुळे, शुक्रवार

धुळ्याला मी जुनी कागदपत्रं बघायला उतरले होते. तिथे जे मिळालं त्यात बैलांना चाऱ्याची पेंढी किती मिळे हे होतं, माणसं कुठे नाहीशी होत ते नव्हतं. दुपारी बाहेर पडले तेव्हा ऊन असं होतं की श्रावण आहे हे पंचांगालाच माहीत. धुळ्याचे रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात कापणारे. पुण्याच्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाला इथे चुकायलाही जागा नाही.

खानावळीत शेवभाजी मागवली. पुण्यात शेव आम्ही पोह्यांवर भुरभुरतो. इथे ती काळ्या मसाल्याच्या लालभडक रश्श्यात पोहत येते. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्याला कानांतून वाफ निघाली असावी. शेजारच्या टेबलावरचे आजोबा कौतुकाने बघत होते. भरताचं विचारलं तर वाढप्याने माझी कीव केली. चातुर्मासात वांगं मागणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असणार. भरीत खायचं तर थंडीत या, म्हणाला.

लॉजचे मॅनेजर सभ्य गृहस्थ होते. एकटी बाई बघून आधी जरा चाचरले, मग रजिस्टरात माझं नाव वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे ती बैलांची कादंबरी तुमचीच? आमच्याकडे येतं ते साप्ताहिक."

मला बरं वाटलं. लेखकाला बरं वाटायला तेवढं पुरतं.

"भावानेच मारलं ना?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "ते घर एरंडोलकडचं. आमची सासुरवाडी तिकडेच आहे."

"नाही हो, ती सगळी काल्पनिक माणसं," मी म्हणाले. "नावं बघा ना."

"नाव बदललं म्हणून काय झालं, ताई, बैल तर तेच आहेत ना."

त्यांनी गल्ल्याखालून ताजा अंक काढला. माझ्या नावाच्या वर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'सत्य घटनेवर आधारित'. ही ओळ संपादकांनी घातली होती. मी तेव्हा हरकत घेतली नव्हती, उलट सुखावले होते. आता तीच ओळ वाचून मी अंक पालथा ठेवला. ज्यांच्या घरी मी उद्या जाणार होते, ते त्या खुनी भावाचे वंशज होते.

समोरच्या एसटीडी बूथवरून संपादकांना फोन लावला. घरच्यांनी वाचलं असेल तर काय, असं मी विचारत होते, आणि ते मला विचारत होते, "प्रेत सापडलं का?"

"नाही अजून."

"बुधवारपर्यंत सापडायला हवं. लोकांना प्रेत लागतं." फोन ठेवताना ते म्हणाले की तब्येतीला जपा.

एरंडोलच्या वाटेवर, शनिवार

रात्रभर मी परत जायची कारणं जुळवत होते. सकाळी मात्र पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसलेली होते. घाबरट माणूस हट्टीही असू शकतो, हे माझ्याकडे बघून कुणालाही पटेल.

खिडकीतून काळीभोर जमीन दिसत होती. गुडघ्याएवढी कपाशी, बांधावर निंब, मधूनच ज्वारीचा हिरवा पट्टा. इतर प्रवासी निसर्ग बघतात. मी गेली तीस वर्षं प्रवासात प्रेत लपवायच्या जागा बघते. हा नाला उथळ, तो पूल नवा, त्या चिंचेखाली वर्दळ फार. एखाद्या ओढ्याच्या वळणावर जीव अडकतो आणि मग तिथे काहीतरी घडवता येतं. माझं लिहिणं असं जमिनीपासून सुरू होतं. माणसं नंतर येतात, आणि त्यांना त्या जागेपर्यंत चालवत न्यावं लागतं.

म्हणून गावाच्या फाट्यावर मी मुद्दाम उतरले आणि जुन्या गाडीवाटेने चालत निघाले. बांधावर एक शेतकरी तंबाखू मळत होता.

"इथे एखादी जुनी, बुजलेली विहीर आहे का हो?" मी विचारलं.

"काबर? कोनी पडनं का?" तो उठूनच उभा राहिला.

"नाही, आत्ता नाही. शंभर वर्षांपूर्वी."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "मंग आते काय करशात?" म्हणाला आणि पुन्हा खाली बसला.

पुढे वाटेत पावसाचं पाणी मुरलेला एक तुकडा लागला. कोरड्या ढेकळासारखा दिसला म्हणून पाय टाकला तर घोट्यापर्यंत आत. आमच्या मावळातल्या चिखलात पाय घसरतो, इथली काळी माती पाय धरूनच ठेवते. चप्पल ओढायला गेले तर तिचा अंगठा तुटला. दुसऱ्या चपलेची गत निराळी नव्हती. शेवटी दोन्ही चपला हातात, पायांवर चिखलाचे बूट, सुटलेला अंबाडा, अशा थाटात मी विमलच्या माहेरी पोचले.

दारातली माणसं

घर धाब्याचं, समोर मोठा ओटा. ओट्यावर पंधरा-वीस पुरुष बसलेले होते. मला बघताच बोलणं थांबलं. ओट्याच्या टोकाला, दाराशी, जात्याच्या खुंट्यासारख्या ताठ बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. या विमलच्या आजी, नर्मदाअक्का. ऐंशीच्या आसपास वय. त्यांच्यासमोर सूप, सुपाशेजारी गव्हाचं पोतं, आणि पोत्याचं तोंड बांधलेलं.

विमलचे वडील पुढे आले. त्यांना सगळे नाना म्हणत होते. "विमलच्या शाळेतल्या बाई ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. कुणी 'या' म्हणालं नाही. कुणी पाण्याचा तांब्या आणला नाही. खानदेशात दारात आलेल्याला पाणी विचारत नाहीत असं होत नाही, विमल तर आल्यागेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाही. आतून कुणीतरी विचारलं, "पानी तपी गयं, काय करू?" आणि नाना म्हणाले, "थांब जरा." मागच्या दारी चुलीवर मोठा हंडा चढवलेला दिसत होता. माझे पाय चिखलाने जड झाले होते. ते पाणी माझ्यासाठी असेल अशी वेडी आशा वाटली, पण ते आलं नाही.

म्हणजे वाचलंय. सगळ्यांनी वाचलंय. हे सगळे भाऊबंद माझा समाचार घ्यायला जमलेत, एसटी संध्याकाळपर्यंत नाही आणि पायात चप्पलही नाही. माफी मागावी की आधी विमलला दोष द्यावा, याचा विचार मी करत होते तेवढ्यात अक्का बोलल्या.

"खबर लई उनात का बाई?"

"कसली खबर?"

"आम्हना दौलत बानी."

मला काही उलगडेना. तेव्हा नाना ओट्यावरून उतरून जवळ आले. ते रागावलेले नव्हते, उलट माझ्याइतकेच अवघडलेले होते.

"एरंडोलच्या वाचनालयात येतो तो अंक," ते म्हणाले. "मी सगळे हप्ते अक्काला वाचून दाखवले. नावं तुम्ही बदलली, ते बरोबर आहे, आमची अब्रू ठेवली. पण वर छापलंय, सत्य घटनेवर आधारित. तुम्ही पुण्याच्या, जुने कागद वाचणाऱ्या. आम्ही म्हटलं, यांना काही सापडलंय."

मग नानांच्या पत्नी, सुमनवहिनी, दारातूनच सांगू लागल्या. उद्या कानबाई बसणार होत्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी इथे घरोघर कानबाई मांडतात, नारळाला नथ घालून, डोळे लावून, पीतांबर नेसवून. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आदल्या दिवशी गहू घ्यायचे. या घरची रीत अशी, की घराण्यात जितके पुरुष तितक्या मुठी, प्रत्येकाचं नाव घेऊन. सुरतला गिरणीत असलेला असो, नाशिकला नोकरीला असलेला असो, पाळण्यातला असो, त्याची मूठ सुपात पडते. दौलतची, म्हणजे गाडी घेऊन गेलेल्या त्या धाकट्या भावाची, मूठही दर वर्षी पडत आली होती.

"त्यांची खबरच आली नाही ना कधी," सुमनवहिनी म्हणाल्या. "ज्याची खबर नाही तो माणूस घरचाच धरायचा."

आता मी खबर आणली असेल तर दौलत बा मेले. मग सगळ्यांनी आंघोळ करायची, त्याचंच ते पाणी. आणि सुतकात कानबाई कशी बसवायची, हा दुसरा घोर. एरंडोलच्या गुरुजींना विचारलं, ते म्हणाले इतक्या जुन्या खबरीला आंघोळ पुरे. शेजारच्या गावचे म्हणाले दहा दिवस. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, आधी बाईंना विचारा. म्हणून सकाळपासून पोत्याचं तोंड बांधून सगळं घर बसून होतं. मरणाची खबर आणणाऱ्याला इथे आत घेत नाहीत, पाणीही देत नाहीत. ऐकून घेतात, मग आंघोळीला उठतात.

"त्यात तुम्ही अनवाणी आलात," सुमनवहिनी म्हणाल्या. "मरणाची खबर घेऊन येणारा अनवाणीच येतो. आम्हाला वाटलं, झालंच."

ओट्यावरचे सगळे पुरुष माझ्याकडे बघत होते. त्यांचा पूर्वज खुनी आहे की नाही, हे ते माझ्या तोंडून ऐकायला बसले होते. मी जे म्हणेन ते ते मान्य करणार होते, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली. भांडले असते तर मी भांडले असते. खोटं सांगायचं नाही हे तर ठरलेलंच होतं, पण खरं सांगायलाही जीभ वळेना. तीस वर्षं वाचक मला विचारत आले, हे सगळं तुम्ही कुठून शोधून काढता, आणि मी नुसती गूढ हसत आले. त्या हसण्यावर माझं निम्मं नाव उभं होतं.

"अक्का, मला काही माहीत नाही," मी म्हणाले. "बैल परत आले एवढंच विमलने सांगितलं. पुढचं सगळं मी मनानं लिहिलं."

"भाऊनी मारी टाका, ते?"

"तेही मनानं."

"मंग सत्य घटना?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते खोटं छापलंय," मी म्हणाले.

मग सुमनवहिनींनी आत हाक दिली, दोघीतिघी सुना पदर खोचून बाहेर आल्या, पोत्याची गाठ सुटली. पुरुष एकदम मोठ्याने बोलू लागले. सुरतेहून आलेल्या एकाने माझ्या हातातल्या चपला घेतल्या आणि अंगठा शिवायला घेऊन गेला. हंड्यातलं पाणी बादलीत ओतून माझ्यापुढे आलं, 'या, बसा, पाय धुवा' सुरू झालं. घराला कानबाई परत मिळाली होती.

एकट्या अक्का तशाच बसून होत्या. मी पाय धुऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माले वाटनं," त्या म्हणाल्या, "मन्हा जीव शे तवलग समजी जाई."

मला रडू आलं. या घरावर मी बारा आठवडे खुनाचा आरोप करत होते याचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं आता वाटलं. साठ वर्षांपूर्वी सून म्हणून आल्यापासून त्या बाई या माणसाची वाट बघत होत्या. मी त्यांना त्याची खबर दिली होती आणि दारात येऊन काढून घेतली होती.

"थोरल्या भावाबद्दल काय सांगत घरात?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"उखा बा? मन्हा सासरानी दखेल व्हतं. ती मूठ उखा बा सोता टाके. बायकासले हात लावू दे नही. मरताना सांगी गया, खबर येत नही तवलग ती मूठ बंद करानी नही."

आणि तेवढ्यात, डोळ्यांतलं पाणी वाळलंही नव्हतं तेव्हा, माझ्या डोक्यातली लेखिका उठून बसली. भाऊ जिवंत आहे असं मनापासून वाटणारा माणूस दर वर्षी मूठ टाकेल. आणि भाऊ मेलाय हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तोही टाकेल, सगळ्यांच्या देखत, दुसऱ्या कुणाला हात लावू न देता. इतका सुंदर पुरावा मला उभ्या जन्मात सुचला नव्हता. शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्यसुद्धा तयार झालं. मला स्वतःची शिसारी आली.

अक्का माझ्याकडेच बघत होत्या. माझा चेहरा त्यांना वाचता आला की काय, कोण जाणे.

"आते काय लिखशात?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही, अक्का."

"मंग तेच लिखा ना."

मग त्यांनी सूप पुढे ओढलं. नावं अक्का घेत होत्या आणि सुमनवहिनी मूठ टाकत होत्या. नाना, त्यांचे भाऊ, पुतणे, नातवंडं, चपला शिवायला गेलेला तो. नाव घेताना अक्का एकाच सुरात घेत, जणू ती माणसं आतल्या खोलीतून ओ देणार आहेत. शेवटी सुमनवहिनी बाजूला झाल्या. नानांनी हात धुतले, पोत्यात घातले. अक्का म्हणाल्या, "दौलत," अगदी त्याच सुरात, आणि नानांची मूठ सुपावर उघडली.

उद्याच्या रोटांतला घास मला मिळणार नव्हता. तो भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. आमच्याकडे पाहुण्याला देवाचा प्रसाद न देता धाडणं म्हणजे अपमान, इथे न देण्याचीच रीत. मला वेगळं वाढलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, घोटलेली उडदाची डाळ आणि वर तेलाची धार. दुसऱ्या भाकरीला मी नको म्हणाले नाही. सकाळपासून मीही उपाशी होते आणि तेही, हे तेव्हा लक्षात आलं.

जळगाव, सोमवार

रविवारभर जळगावच्या लॉजवर कोऱ्या कागदांसमोर बसून काढला. मुठीचं प्रकरण दोनदा लिहिलं. पहिल्यात उखा निर्दोष होता, दुसऱ्यात खुनी. दुसरं जास्त चांगलं उतरलं होतं, एखादा शब्दही हलवायला नको होता. तेच पाठवलं असतं तर आज तुम्ही मला त्याच कादंबरीने ओळखलं असतं, असं मला अजून वाटतं. ते मी फाडलं. पहिलंही फाडलं, कारण तेही मला माहीत नव्हतं. मग जे लिहिलं त्यात फौजदार गावात येतो, ओट्यावर बसतो, सुपात पडणाऱ्या मुठी बघतो आणि घोड्यावर बसून परत जातो.

सोमवारी सकाळी कानबाईंना निरोप देण्याचा दिवस. बायका डोक्यावर कानबाई घेऊन वाजतगाजत मेहरूण तलावाकडे चालल्या होत्या. रस्ता अडल्यामुळे एसटीडी बूथवर पोचायला मला तासभर लागला. नंबर लागला.

"सापडलं का प्रेत?" संपादकांनी नमस्काराआधी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तो मेल्याची खबर अजून आलेली नाही."